माहीत नाही म्हणणाऱ्या बाई

चष्मा कपाळावर चढवायचा, दोन बोटांनी डोळे दाबायचे आणि म्हणायचं, "मला अजून माहीत नाही."

तुम्ही कधी कोर्टाच्या व्हरांड्यात अर्धा दिवस काढला असेल, तर तुमच्याही लक्षात आलं असेल, की तिथे सगळ्यांना सगळं माहीत असतं. वकिलाला निकाल माहीत असतो, पक्षकाराला दुसऱ्या बाजूची पापं माहीत असतात, चहावाल्याला साहेबांचा आजचा मूड माहीत असतो. अशा ठिकाणी या एकट्या बाई रोज उठून "माहीत नाही" म्हणायच्या, आणि त्याचाच पगार घ्यायच्या, असं वकील मंडळी म्हणत.

बाई आमच्या कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक होत्या. नवराबायको मुलावरून भांडायला लागले, की न्यायाधीश ते मूल बाईंकडे पाठवत. मूल कोणाकडे राहावं, दुसऱ्यानं त्याला कुठे आणि किती वेळ भेटावं, आणि एका बाजूनं 'हा माणूस पोराला मारतो' असा आरोप केलाच असेल, तर त्यात किती तथ्य आहे, हे बघून त्यांनी अहवाल द्यायचा. वकील त्यांच्या माघारी त्यांना 'माहीत नाही मॅडम' म्हणत. तारखेला येणाऱ्या बायका नुसतं 'बाई' म्हणत.

मी बायकांच्या एका संघटनेत काम करते. तारखेला आलेल्या बाईशेजारी बसायचं आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायची, हे माझं काम. आमच्या घरी वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त यायची; मी वाचायला त्यांच्यावरच शिकले. पत्रकाला 'माहीत नाही' हे वाक्य चालत नाही. त्यामुळे बाईंचं आणि माझं पहिल्या दिवसापासून जमलं नाही.

त्या पहिल्या दिवशी मी त्यांच्या टेबलावर आमच्या पत्रकांचा गठ्ठा ठेवला. बाईंनी एक उचललं, वाचलं, मग उलटून पाहिलं.

"मागची बाजू कोरी ठेवता, हे फार छान करता," त्या म्हणाल्या. "मुलांना चित्रं काढायला कागद पुरत नाही. अजून आहेत?"

पुढच्या तारखेला त्यांच्या भिंतीवर एक जांभळी म्हैस लावलेली होती. काढून उजेडाकडे धरलं, तर म्हशीच्या पोटातून 'अन्याय सहन करू नका' हे उलटं वाचता येत होतं.

बाई भिंगारच्या. तिथल्या चर्चच्या गायनात त्या पुढच्या ओळीत असत, असं ऐकून होते. खोलीत मात्र त्यांचा आवाज शेजारच्या बाकापर्यंतही पोचायचा नाही. नाताळात डबाभर करंज्या आणायच्या आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांना सारख्याच द्यायच्या. हसणं कमी. मुलांना मांडीवर घेणं, गाल ओढणं, 'बाळा' म्हणणं यातलं काही नाही. मूल आत आलं, की मनगटावरचं घड्याळ काढून खणात टाकायच्या आणि जमिनीवर बसायच्या. मग काही विचारायच्याच नाहीत. मूल गाडी फिरवायचं, बाई दुसरी गाडी फिरवायच्या. बाहेर बाकावर दोन घरं एकमेकांकडे पाठ करून बसलेली असायची आणि आत नुसतं घर्रर्र चाललेलं असायचं.

त्यांचे नियम थोडे होते, पण कडक. चॉकलेट आणायचं नाही. मोबाईल बाहेर. आणि 'तुला कोणाकडे राहायचं?' हा प्रश्न त्या खोलीत कोणीही, म्हणजे त्यांनी स्वतःसुद्धा, विचारायचा नाही. एकदा एक मावशी भाच्याला घेऊन दारातच सुरू झाल्या, "सांग की रं बाईला! पप्पा कसं मारत्यात ते सांग!"

"मावशी, तुम्ही चहा पिऊन या."

"म्या च्या पीत न्हाई."

"मग शिकून या."

मावशी गेल्या. खरोखरच चहाच्या टपरीवर गेल्या आणि तिथे आमच्याजवळ म्हणाल्या, "ही बाई त्याच्याच पार्टीतली हाय." त्याच दिवशी मुलाच्या बापानंही वकिलाला हेच सांगितलं, फक्त पार्टी बदलून.

एकदा एका मुलाच्या पोटरीवरचा वळ खो-खोच्या खांबाचा निघाला. एकदा 'खो-खो खेळताना लागलं' म्हणून सांगितलेला वळ पट्ट्याचा निघाला. दोन्ही वेळा मला आधीच माहीत होतं, आणि दोन्ही वेळा बाईंनी आधी चष्मा कपाळावर चढवला होता.

आरोहीची केस आली, तेव्हा मात्र मला त्यांचा खरोखर राग आला.

आरोही दुसरीत होती. आई तिला घेऊन बेलापूरला माहेरी आली होती. वडील पुणतांब्याचे, पेरूची बाग आणि ऊस असलेले. कोर्टाच्या हुकमानं ते मुलीला महिन्यातून एकदा बाईंच्या खोलीत भेटत होते. आता त्यांनी अर्ज केला होता, की उन्हाळ्याची निम्मी सुट्टी मुलगी पुणतांब्याला पाठवावी. आईचं म्हणणं होतं, की तो तिला विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत कोंडतो. ऐकलं नाही की कोंड, अभ्यास केला नाही की कोंड. बापाचं म्हणणं, हे सगळं रचलेलं आहे. सुट्टी जवळ आली होती. मुलीनं त्या विहिरीवर परत जायचं की नाही, एवढाच प्रश्न होता.

आरोहीचे आजोबा म्हणजे आईचे वडील, प्राथमिक शाळेतले निवृत्त गुरुजी. सव्वीस जानेवारीच्या भाषणाला त्यांनी तयार केलेलं पोर पहिला नंबर आणल्याशिवाय परत येत नसे, अशी त्यांची ख्याती. नात न्यायाधीशांसमोर जाणार हे कळल्यावर त्यांनी जे आयुष्यभर केलं तेच केलं. पोरगी तिथे अडखळायला नको, म्हणून तिला भाषण बसवून दिलं.

व्हरांड्यात गुरुजी शेवटची उजळणी घेत होते. आरोही ताठ उभी, हात मांडीला चिकटलेले, नजर समोरच्या खांबावर.

"आदरणीय न्यायाधीश साहेब आणि येथे जमलेले माझे गुरुजन. मी कुमारी आरोही, इयत्ता दुसरी. आज मी आपणास दोन शब्द सांगणार आहे, ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावे ही नम्र विनंती. माझे वडील मला मोटारीच्या खोलीत कोंडून ठेवतात. तेथे काळाकुट्ट अंधार असतो. माझ्या डोळ्यांतून अश्रुधारा वाहतात. तरी मला योग्य तो न्याय मिळावा. एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते. जय हिंद."

"अश्रुधारा म्हणताना आवाज खाली," गुरुजी म्हणाले.

नेमके तेव्हाच बापाचे वकील फायली सावरत जिन्यावरून वर येत होते. ते थांबले. त्यांनी फाइल काखेत धरून चक्क टाळ्या वाजवल्या.

"वा गुरुजी! पहिला नंबर!"

आणि ते तसेच आत गेले, न्यायाधीशांना सांगायला, की मुलीला पढवलेलं आहे. गुरुजींच्या हातात भाषणाचा कागदही नव्हता. त्यांचंही पाठ होतं. ते नुसते उभे राहिले. आरोहीनं त्यांना विचारलं, "नाना, चुकलं का?"

आरोहीची आई माझा हात धरून म्हणाली, "ताई, हे खरं हाय ओ. शब्द नानांचे हायेत, पण खरं हाय."

न्यायाधीशांनी मुलीला त्या दिवशी आत घेतलंच नाही. बाईंकडे पाठवलं आणि सुट्टीआधीची तारीख दिली. मी बाईंच्या मागोमाग गेले. म्हटलं, आता तुम्ही लिहा, की हे खरं आहे.

"शिकवलेलं आहे," बाई म्हणाल्या.

"म्हणजे खोटं?"

"शिकवलेलं म्हणजे खोटं नव्हे. खरंही नव्हे. त्या भाषणाखाली काय आहे, ते आता दिसत नाही. गुरुजींनी फार चांगलं सारवलंय." चष्मा वर गेला. "मला अजून माहीत नाही."

"आणि तुम्हाला माहीत होईपर्यंत त्या पोरीनं काय करायचं?"

"तोपर्यंत ती तिकडे जाणार नाही. फौजदारी कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला असतो. माझ्या खोलीत तो लेकराला." मग माझ्या पिशवीकडे बघून म्हणाल्या, "कागद आणलेत?"

नंतर त्यांनी गुरुजींना बोलावलं. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे आम्ही सगळ्यांनीच ऐकलं.

"गुरुजी, भाषण उत्तम बसवलंत. आता ते तिला विसरायला लावा."

"विसरायला?" गुरुजींना खरंच कळेना. "बाई, पोरांच्या लक्षात राहावं म्हणून मी उभा जन्म घासला. विसरायला कसं लावायचं, ते आम्हाला कुठं शिकवलंय?"

"त्याबद्दल घरात कोणी बोलू नका. विचारू नका. तिनं काढलं तर ऐका, आणि ऐकून गप्प बसा."

"गप्प बसू?"

"तुम्ही मास्तर आहात. अवघड जाईल."

गुरुजी टोपी काढून पुन्हा घालत बाहेर आले. पण बसले गप्प. आरोहीची आई सांगायची, की सुरुवातीला पोरगी जेवणाच्या ताटावरूनच उठून "आदरणीय" म्हणायची आणि गुरुजी ओसरीवर निघून जायचे. मग हळूहळू तिनं सोडलं.

तारखेच्या आधी बाईंनी तिला दर आठवड्याला बोलावून घेतलं. अशाच एका दुपारी लाईट गेलेली. आत गुदमरायला होत होतं, म्हणून बाईंनी दार उघडलं. ते आपोआप मिटायचं, म्हणून माझ्या समोरच आमचं एक पत्रक चौपदरी घडी करून दाराखाली सरकवलं. आरोहीची आई आणि मी समोरच्याच बाकावर होतो. आरोही पालथी पडून रंगवत होती. बाई शेजारी बसून दुसऱ्या कागदाला हिरवा रंग देत होत्या.

लाईट आली. भिंतीवर पंख्याच्या बटणांशेजारी स्टॅबिलायझर होता, तो खट् वाजला. मग पंखा फिरायला लागला.

खट् झाल्याबरोबर आरोहीच्या हातातला खडू सुटला. ती उठली, दाराच्या बाजूला गेली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. फ्रॉकचा घेर उचलून तिनं तोंड पुसलं. घासून पुसलं, डोळे, गाल, नाकाखाली. ती रडत नव्हती. तोंडाला काहीच लागलेलं नव्हतं.

बाई जागच्या हलल्या नाहीत.

"लाईट आली," आरोही म्हणाली. "आता उघडत्यात."

"हं," बाई म्हणाल्या.

"मोटार चालू झाली का बघाया येत्यात पप्पा. ऑटो हाय ना, लाईट आली की आपसूक खट् करतंय. तवा दार उघडत्यात. तवर तोंड पुसून ठेवायचं. रडले न्हाई म्हणायचं."

"हं."

"मग पप्पा पेरू देत्यात."

माझ्याशेजारी आरोहीच्या आईनं पदर तोंडात धरला. मी उठले होते, ते बाईंनी आतूनच हात थोडा वर करून मला बसवलं. मग त्या सरकत सरकत भिंतीपाशी गेल्या, आरोहीच्या शेजारी पाठ टेकून बसल्या, आणि म्हणाल्या, "हे दार उघडंच आहे बघ."

आरोहीनं दाराकडे पाहिलं. दाराखालच्या कागदाकडे पाहिलं. मग खडू शोधायला गेली.

गुरुजींच्या भाषणात मोटार होती, अंधार होता, अश्रुधारा होत्या. लाईट येणं नव्हतं. पेरूही नव्हता. तो कोणी मुद्दाम शिकवला नसता, कारण पेरू बापाच्या बाजूनं पडतो.

पुढच्या आठवड्यात बाई पुणतांब्याला जाऊन आल्या, आणि मग त्यांनी बापाला बोलावलं. आत काय झालं, हे बाईंनी कधीच सांगितलं नसतं. पण तो माणूस बाहेर आला तो स्वतःच्या बाकाकडे न जाता आमच्या बाकावर, गुरुजींच्या शेजारी येऊन बसला. आपण कुठे बसलो, हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

"मामा," तो सासऱ्याला म्हणाला, "बाईनं मला त्या खोलीचं काय बी इचारलं न्हाई. म्हणल्या, तुमच्या लहानपणी तुम्हाला कोण कोंडायचं? म्हणलं, आमचा बाप. दुसरं कोण? त्याच खोलीत. मी हसतच सांगितलं. आमच्याकडं समद्यांलाच कोंडत्यात."

गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मंग म्हणल्या, दार कोण उघडायचं?" त्यानं बाईंच्या दाराकडे पाहिलं. "लाईट आली, की मोटार बघायच्या निमतानं आई उघडायची. चोरून."

मग इतका वेळ गेला, की आपला जावई आपल्या शेजारी बसलाय, हे गुरुजींनाच अवघड व्हायला लागलं. शेवटी तो म्हणाला, "म्या तिला मारलं न्हाई कधी. कोंडलं. तेवढ्यानं पोर तोडायची का, मामा?"

आरोहीची आई भिंतीकडे बघत बसली होती. तिनं मान वळवली नाही, आणि मला ते बरोबर वाटलं.

कौटुंबिक न्यायालयाचं काम बंद दाराआड चालतं. तारखेला आत काय झालं, ते मला आरोहीच्या आईनंच सांगितलं. बापाच्या वकिलांनी बाईंना एकेक प्रश्न टाकला.

"वडलांचं मुलीवर प्रेम आहे का?"

"आहे."

"मुलीला पढवलं होतं का?"

"होतं."

"मग वडील तिला कोंडत होते, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"नंतर माझ्या खोलीत ती जे बोलली, ते न पढवलेलं होतं. आणि वडलांनी ते स्वतः मान्य केलं आहे."

"म्हणजे मुलगी वडलांना कधीच द्यायची नाही, असं तुमचं मत आहे?"

"पुढचं मला अजून माहीत नाही. या सुट्टीत नाही."

हुकूम तसाच झाला. सुट्टी बेलापूरला. बापानं भेटायचं ते बाईंच्या खोलीत, दिवसाढवळ्या, आणि स्वतः समुपदेशनाला यायचं. पुढचं पुढच्या तारखांना.

माझं समाधान झालं नाही. आजही झालेलं नाही. लेकराला अंधारात कोंडणं हा गुन्हा आहे, आणि गुन्ह्याला गुन्हाच म्हटलं पाहिजे. बापाच्या बापानंही तेच केलं होतं, यानं तो गुन्हा लहान होत नाही. मी बाईंना हे त्यांच्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बालकल्याण समितीला मी त्याच दुपारी कळवलंय. लाईट आली त्या दुपारी. तुम्ही बाहेर बाकावर पत्रक लिहीत होता."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही छापलं असतं."

छापलं असतं, यात शंका नाही.

त्यानंतर बाईंनी एक गोष्ट केली, जिचं कारण तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही. त्यांनी वायरमन बोलावून भिंतीवरचा स्टॅबिलायझर काढायला लावला आणि व्हरांड्यात, बाकाच्या वर बसवून घेतला. वायरमन कुरकुरत होता.

"मॅडम, आतली वस्तू भाईर कशाला? एवढी वायर वाढवावी लागतीय."

"आवाज येतो."

"खट् तर करतंय एकदा. त्याचा काय आवाज?"

"हं," बाई म्हणाल्या.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपाला त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या उठल्या, सगळ्यांकडे पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला, आणि मागून कुणीतरी वकील मोठ्यानं म्हणाला, "अजून माहीत नाही!" सगळे हसले. बाईही हसल्या, मी पाहिलेलं बहुधा एवढंच. मग समोशांच्या बशा फिरल्या आणि भाषण राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा खण रिकामा होता. भिंतीवरची जांभळी म्हैस त्यांनी नेली होती, भिंतीवर चिकटपट्टीचे चार डाग तेवढे होते.

आता त्या खोलीत नव्या बाई आहेत. तरुण आहेत, चांगल्या आहेत, मुलांना हसवतात. व्हरांड्यातल्या बाकावर उंच माणूस उठला, की त्याचं डोकं स्टॅबिलायझरवर आपटतं आणि तो विचारतो, "हे इथं कोणत्या शहाण्यानं लावलंय?" चहावाला सांगतो, "पहिल्यापास्नं हाय." कोर्टात जे कोणालाच माहीत नसतं, ते पहिल्यापासून असतं.

परवा मी एका बाईबरोबर तारखेला गेले होते. आरोहीच्या भेटीचा दिवस होता. ती आता बरीच उंच झाली आहे. गुरुजी तिला आत सोडून पायरीवर उन्हाला बसले होते. बाप आधीच येऊन बाकावर थांबला होता, मांडीवर पेरूची पिशवी. आतून बोलावणं येईपर्यंत तो कोणाशी बोलत नाही. लाईट नव्हती. खोलीचं दार बंद होतं.

लाईट आली. त्याच्या डोक्यावर खट् झालं.

दाराच्या काचेतून आरोही दिसत होती. ती चित्र काढत होती. तिनं मान वर केली नाही.

बाकावर तो माणूस एकदम ताठ बसला. पिशवी बाजूला ठेवली, आणि दोन्ही तळव्यांनी स्वतःचं तोंड पुसायला लागला. डोळे, गाल, नाकाखाली. मग आपण काय करतोय हे ध्यानात येऊन त्यानं हात खाली घेतले, आणि दाराकडे बघत राहिला.